आधी अंदाज, मग आकडा

पोरी, पार्किन्सन्सचा शुभार्थी तुझ्यासमोर येऊन बसेल, तेव्हा बहुतेक वेळा तो स्वतःच्या आवाजाची तक्रार करणारच नाही. तो सांगेल, "हिला हल्ली कमी ऐकू येतं." शेजारी बसलेली बायको म्हणेल, "हेच तोंडातल्या तोंडात पुटपुटतात." दोघंही खरं बोलताहेत असं धरून चाल आणि आधी दोघांचेही कान तपासून घे. सत्तरीच्या जोडप्यात ऐकू कमी येणं हेही असतंच. कान ठीक निघाले की खरी गोष्ट समोर येते. या माणसाला मनापासून वाटतं की आपण नेहमीच्याच आवाजात बोलतो आहोत, आणि तो आवाज टेबलाच्या पलीकडे पोचत नाही. (पुण्याच्या पार्किन्सन्स मित्रमंडळात रुग्णाला शुभार्थी आणि सांभाळणाऱ्याला शुभंकर म्हणतात. मीही तेच म्हणते.)

पुढचं सगळं यावरच उभं आहे, म्हणून हे नीट समजून घे. मेंदूच्या खोल भागात डोपामिन कमी पडतं आणि हालचाल केवढी करायची याचं माप बिघडतं. लिहायला बसलं की अक्षर बारीक होत जातं, चालताना पाऊल आखूड पडतं, बोलताना आवाज खोल जातो. स्नायूंतली ताकद गेलेली नसते. जोर किती लावायचा हे सांगणारा आतला काटा तेवढा खोटा दाखवत असतो. दुकानदाराचा तराजू बिघडला तर त्याला मापात घातलेला माल पुराच वाटणार, तसं हे. त्यामुळे तू त्याला मोठ्यानं बोलायला लावलंस की तो संकोचून म्हणेल, "अहो, मी ओरडतोय की!" आणि डेसिबेल मीटर पाहशील तर तो जेमतेम तुझ्यामाझ्या आवाजापर्यंत आलेला असेल.

हे क्वचित दिसणारं लक्षण नाही. 1978 साली अमेरिकेत जेरी लोगमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 200 शुभार्थींचं बोलणं तपासलं, तेव्हा 89 टक्के लोकांच्या आवाजात दोष सापडला. आवाज लहान, सपाट, घोगरा किंवा हवेशीर, अक्षरं एकमेकांत मिसळलेली, मधूनच शब्दांची घाईघाईनं सुटणारी लड. तोंडापासून 30 सेंटिमीटरवर मोजलं तर त्याच वयाच्या निरोगी माणसापेक्षा हा आवाज सरासरी 2 ते 4 डेसिबेलनं कमी भरतो. ऐकायला हा फरक किरकोळ वाटतो. पण पंखा चालू आहे, टीव्हीवर बातम्या लागल्या आहेत, नातवंडं खेळताहेत अशा घरात तेवढ्यानंच माणूस संभाषणातून बाहेर पडतो. लेव्होडोपा या पार्किन्सन्सच्या गोळीनं हात मोकळा होतो, चाल सुधारते, आवाजाला मात्र तिचा तितका खात्रीचा उपयोग होत नाही. "गोळी वाढवली की आवाज येईल" असं घरच्यांना वाटत असतं. त्यांना पहिल्याच भेटीत हे सांगून टाक.

आता आवाज डोळ्यांना दाखवणाऱ्या पडद्याकडे येऊ. कानानं स्वतःला मोजता येत नसेल तर डोळ्यांनी मोजायचं, एवढीच यामागची कल्पना आहे आणि ती जुनी आहे. 1983 साली स्कॉट आणि केअर्ड यांनी 26 शुभार्थींच्या घरी जाऊन दोन-तीन आठवडे रोज उपचार दिले. त्यात व्होकालाइट नावाचा एक दिवा होता, तो आवाजावर पेटायचा. लोकांचं बोलणं सुधारलं आणि ती सुधारणा काही अंशी तीन महिने टिकलीही. पण दिव्यामुळे त्यात पडलेली भर मर्यादितच होती. हा निष्कर्ष मी आयुष्यभर लक्षात ठेवला. काम व्यायाम करतो. दिवा, मीटर, पडदा, जे काही असेल ते, फक्त दाखवतं. आज रंगीत आलेखांची कितीतरी साधनं आली आहेत आणि ती पाहून घरची मंडळी हरखून जातात. साधनावर खर्च करण्याआधी रोजच्या सरावाला वेळ कोण देणार, हे ठरवून घे.

सध्या ज्या पद्धतीमागे सर्वांत भक्कम पुरावा आहे ती ली सिल्व्हरमन व्हॉइस ट्रीटमेंट. ॲरिझोनातल्या, पार्किन्सन्स असलेल्या एका बाईंचं नाव तिला दिलं आहे आणि लॉरेन रॅमिग यांनी ती 1980 च्या दशकात घडवली. आठवड्यातून चार दिवस, चार आठवडे, एकेका तासाच्या 16 बैठका आणि घरी रोज सराव. सूचना एकच, 'मोठ्यानं'. त्यातही डेसिबेल मीटर समोर असतोच. ब्रिटनमध्ये 388 शुभार्थींवर झालेल्या चाचणीचे निकाल 2024 साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आले. ही पद्धत तिथल्या सरकारी सेवेतल्या नेहमीच्या वाचा-उपचारांपेक्षाही सरस ठरली आणि उपचार न घेण्यापेक्षाही. त्याच चाचणीत घशावर ताण पडल्याच्या तक्रारीही या पद्धतीच्या गटात अधिक होत्या. त्याबद्दल पुढे सांगते. आणि एक लक्षात ठेव, या पद्धतीचं रीतसर प्रशिक्षण घेतलं नसेल तर आपल्या उपचाराला ते नाव लावू नकोस. आवाज वाढवायचा सराव तू घेऊ शकतेस, पण नाव उसनं घेऊ नये.

आपल्याकडे आटपाडीहून किंवा मेहकरहून कोण आठवड्यातून चार दिवस येणार? म्हणून घरचा फोन वापरायला शिकव. डेसिबेल दाखवणारं कुठलंही साधं ॲप चालेल. आयफोन असेल तर अमेरिकेच्या नायॉश या संस्थेचं ॲप मोफत मिळतं. पण फोनवरच्या आकड्याला देवाचा शब्द मानू नकोस. प्रत्येक फोनचा माइक वेगळा असतो, त्यामुळे तुझ्या फोनवरचे 70 आणि त्यांच्या फोनवरचे 70 सारखे नसतात. तोच फोन, तीच खोली, तेच अंतर असेल तरच कालच्या आणि आजच्या आकड्याची तुलना होते. अंतरासाठी शाळेतली 30 सेंटिमीटरची पट्टी घे किंवा तेवढी दोरी कापून स्टँडला बांध. सरावाआधी सगळ्यांना गप्प बसवून खोलीचा आकडा बघायचा. पंखा, कूलर, खाली उभा असलेला टेम्पो यांचाच आवाज 55 भरत असेल तर शुभार्थीच्या आवाजाचं तुला काहीच कळणार नाही.

फोन मांडीवर किंवा टेबलावर आडवा ठेवू देऊ नकोस. पार्किन्सन्समध्ये मान आधीच पुढे झुकते, खालचा आकडा बघायला ती आणखी वाकते, छाती दबते, अंतर बदलतं आणि श्वास उथळ होतो. स्टँडवर डोळ्यांच्या रेषेत फोन ठेवला की आकडा बघण्यासाठी माणूस आपोआप ताठ बसतो. चष्मा लावलाय का ते विचार. या आजारात फिकट-गडद रंगांतला फरक ओळखणंही अवघड जातं, त्यामुळे राखाडी पडद्यावरची नाजूक निळी रेघ त्यांना दिसतच नाही. काळ्यावर पांढरे मोठे आकडे किंवा एकच जाड पट्टी, आणि पडद्यावर एका वेळी एकच गोष्ट. आवाजाचा मोठेपणा, सुराची पट्टी, वेग, गुणांकन असं सगळं एकदम दाखवणारा पडदा तुझ्या कामाचा आहे, त्यांच्या नाही.

पहिल्या दिवशी काही शिकवू नकोस. दोन मिनिटं गप्पा मार, वर्तमानपत्रातला एक परिच्छेद वाचून घे, एक लांब 'आ' लावायला सांग आणि हे सगळं ध्वनिमुद्रित करून तारीख घाल. मग त्यांना त्यांचाच आवाज ऐकव आणि आलेख दाखव. कित्येकांना त्या क्षणी पहिल्यांदा कळतं. काहींना फार वाईट वाटतं, तेव्हा घाई करू नकोस, पाणी दे, थांब. मेंदूत विद्युत्-प्रवाह सोडणारी डीबीएस शस्त्रक्रिया कुणाची ठरली असेल तर ही नोंद शस्त्रक्रियेआधी व्हायलाच हवी. त्या शस्त्रक्रियेनं हातपाय सुधारूनही काहींचं बोलणं बिघडतं, आणि आधीचा आवाज जपलेला नसेल तर किती बिघडलं हे कुणालाच सांगता येत नाही.

आता घशाचं. आवाज घोगरा असेल तर कान-नाक-घसा तज्ज्ञाकडून स्वरतंतू पाहून आल्याशिवाय सुरुवात करू नकोस. प्रत्येक घोगरेपणा पार्किन्सन्सचा नसतो. सराव सुरू झाला की आकडा वर चढवायच्या नादात माणूस गळा आवळतो. हे ओळखायला ॲमस्टरडॅम विद्यापीठातल्या पॉल बोर्स्मा आणि डेव्हिड वेनिंक यांनी केलेलं 'प्राट' हे मोफत सॉफ्टवेअर संगणकावर घे. त्यात आवाजाच्या मोठेपणाबरोबर पट्टीची रेघही दिसते. 'आ' मोठा होताना पट्टीही सरसर वर गेली, मानेच्या शिरा ताठ झाल्या, तर तो ओरडा आहे, आवाज नव्हे. तिथंच थांबव. मोठा आवाज श्वासातून आणि उघड्या तोंडातून येतो. 'आ' लावताना उभी दोन बोटं मावतील एवढं तोंड उघडलं पाहिजे, आणि त्यासाठी यंत्रापेक्षा भिंतीवरचा आरसा बरा. चेहरा थिजलेला असतो, तोंड किती कमी उघडतंय हे आरशात लगेच दिसतं.

आकड्याची हाव धरू नकोस. त्यांचा पहिल्या दिवशीचा आकडा अधिक 5 डेसिबेल हे पहिल्या पंधरवड्याचं लक्ष्य म्हणून पुष्कळ झालं. 10 वाढले तर कानाला आवाज जवळजवळ दुप्पट वाटतो, रोजच्या बोलण्यात तेवढं कुणी मागत नाही.

या सगळ्यात मला तुला मुख्य सांगायचं आहे ते पुढचं. पडदा सतत समोर असला की माणूस पडद्याशी बोलायला शिकतो, माणसांशी नाही. तुझ्या खोलीत 72 आणि दाराबाहेर गेल्यावर पुन्हा 62, असे कितीतरी शुभार्थी मी पाहिले. आपल्याला पडद्यावरचा आवाज वाढवायचा नसून आतला काटा दुरुस्त करायचा आहे. म्हणून पहिला आठवडा पडदा खुशाल दिसू दे. दुसऱ्या आठवड्यात तो वहीनं झाकायचा, वाक्य बोलून घ्यायचं आणि विचारायचं, "किती भरला असेल?" त्यांनी अंदाज सांगितला की मगच वही उचलायची. आधी अंदाज, मग आकडा. हा क्रम कधी उलटा करू नकोस. सुरुवातीला अंदाज भलतेच निघतात, "75 तर असेल" म्हणतात आणि 64 निघतो. हळूहळू अंदाज जवळ येऊ लागतो. तो आकडा नव्हे, ती कमी होत जाणारी तफावत तू कागदावर लिहून ठेव, कारण सुधारणा तिच्यात आहे. तिसऱ्या आठवड्यात पाच-सहा वाक्यांतून एकदाच बघायचं, चौथ्यात सरावाच्या शेवटी. अंदाज बरोबर आला की विचार, "आत्ता कसं वाटलं? पोटात, छातीत, तोंडात?" ते काहीतरी सांगतील, "जरा उद्धट बोलल्यासारखं वाटलं," असंही म्हणतील. त्यांना सांग, ते जे उद्धट वाटतंय ना, तोच आता तुमचा नेहमीचा आवाज. तेवढाच जोर रोज लावायचा.

बोलायला काय द्यायचं हे पुस्तकातून घेऊ नकोस. त्यांची रोजची दहा वाक्यं त्यांच्याकडूनच लिहून घे. "अगं, चहा टाक." "रिमोट कुठंय?" "स्वारगेटला येणार का?" "सुट्टे द्या." "हॅलो, कोण बोलतंय?" ही वाक्यं दिवसातून कैक वेळा म्हटली जातात, म्हणजे सराव फुकटात होतो. फोनवरचं वाक्य यादीत असलंच पाहिजे, कारण तिथं समोरच्याला ओठ दिसत नाहीत.

स्तोत्रांबद्दल सावध राहा. घरचे हौसेनं सांगतात, "बाबांना रामरक्षा सगळी पाठ आहे, ती म्हणून घेऊ का?" पाठ असलेलं म्हणताना जीभ मोकळी सुटते आणि वेग वाढत जातो. दहाव्या श्लोकापर्यंत नुसता गुणगुणाट उरतो. प्राटमध्ये पाहिलंस तर शब्दांमधल्या फटी नाहीशा झालेल्या दिसतील. म्हणून पाठांतर घ्यायचंच असेल तर एकेक चरण, प्रत्येक चरणानंतर श्वास, आणि पडद्यावर चरणांमध्ये मोकळी जागा दिसली तरच पुढचा. भजनाला टाळ धरणाऱ्यांचं मात्र वेगळं असतं. ताल बाहेरून मिळाला की आवाज खुलतो, मात्र गाणं संपून गप्पा सुरू झाल्या की तो पुन्हा बसतो. जमिनीवर पट्टे आखले की अडकलेलं पाऊल सुटतं, त्यातलाच हा प्रकार. अशा माणसाला गाण्यातून थेट बोलण्यात आण. शेवटची ओळ गायची आणि त्याच जोरात लगेच "चहा टाक" म्हणायचं.

उच्चारांसाठी मराठीतली एक खूण सांगते. 'आता' म्हणताना 'त'च्या आधी आवाज क्षणभर पूर्ण तुटतो, आलेखात तिथं मोकळी फट दिसते. शुभार्थी म्हणतो तेव्हा ती फट भरून जाते आणि ऐकू येतं 'आदा'. 'पाटी', 'काका', 'पोपट' यांतही हेच. फट दाखव, जीभ किंवा ओठ तिथं घट्ट टेकवायला सांग. पण हे मागाहून. आवाज मोठा झाला की उच्चारही बरेचसे स्वच्छ होतात आणि सपाटपणाही काहीसा जातो. 'आला', 'आला?', 'आला!' हे तीन वेगळे ऐकू येण्यासाठी पट्टीची रेघ दाखवायची वेळ त्यानंतरच येते. एकाच वेळी पाच सूचना दिल्यास तर हातात काहीच राहणार नाही.

सराव गोळीचा असर चढलेला असताना ठेव, म्हणजे शिकणं होतं. असर उतरलेला असतानाही थोडाफार घे, कारण आयुष्यात दोन्ही वेळा बोलावं लागतं. दूर राहणाऱ्यांना व्हिडिओ कॉलवर बघणार असशील तर तुझ्या स्पीकरमधून येणाऱ्या आवाजावर विसंबू नकोस, बहुतेक कॉल लहान आवाज आपणहून वाढवून देतात. त्यांच्या बाजूला दुसरा फोन मीटर म्हणून लावायला सांग आणि आकडा शुभंकराला वाचायला लाव.

शुभंकरांना वेगळं बसवून दोन शब्द सांग. दिवसभर "मोठ्यानं बोला, मोठ्यानं बोला" म्हणत राहिलं की घरात कटकट होते आणि माणूस बोलायचंच सोडून देतो. त्यापेक्षा एक खूण ठरवावी, तळहात वर उचलायचा. त्यांचं वाक्य आपण पुरं करायचं नाही. बोलताना मिक्सर, टीव्ही बंद आणि तोंड समोरासमोर. पाणी पिताना ठसका लागतो, पिऊन झाल्यावर आवाज ओला-घरघरता येतो, असं दिसलं तर आवाजाचा सराव बाजूला ठेवून आधी गिळण्याची तपासणी. तिथं चालढकल केली तर अन्नपाणी फुप्फुसात जाऊन न्यूमोनिया होऊ शकतो. विसरभोळेपणा फार वाढला असेल तर अंदाज-आकड्याचा खेळ जमत नाही. तिथं शुभंकराची खूण आणि दहा वाक्यं एवढंच धर.

चार आठवडे संपले की काम संपत नाही. रॅमिग यांच्या अभ्यासात उपचाराचा फायदा दोन वर्षांनंतरही टिकलेला दिसला, पण आजार पुढे सरकत राहतो आणि रोजचा सराव सुटला की काटा पुन्हा घसरतो. सहा महिन्यांनी बोलव, त्याच फोनवर, त्याच अंतरावर मोज, पहिल्या दिवसाची नोंद शेजारी ठेव. एकट्यानं सराव कंटाळवाणा होतो, म्हणून मित्रमंडळाशी किंवा मुंबईच्या पीडीएमडीएस या संस्थेच्या गटांशी जोडून दे.

आणि एक काम याच आठवड्यात कर. तुझ्या गावातल्या न्यूरॉलॉजिस्टना प्रत्यक्ष भेटून ये. पुष्कळ शुभार्थी आपल्याकडे येतात ते आवाज जवळजवळ गेल्यावर. निदानाची चिठ्ठी लिहितानाच शुभार्थीला माझ्याकडे पाठवा, घरात कुणी "काय म्हणालात?" असं विचारायला लागण्याची वाट बघू नका, असं त्यांना सांग.